गजाननभाऊची कबर

विदर्भ, कापूस अन् कबर हे तीन शब्द एकामागं एक आले का दिवाळी अंकाचा वाचक चिवड्याची वाटी बाजूले सारते अन् रुमाल शोधते, हे मले माहीत आहे. तुम्ही बी शोधला असन. ठेवून द्या. ज्याची कबर वर लिहली आहे तो माणूस धडधाकट आहे. परवाच त्याचा फोन आला होता. "काऊन बे, माह्यावर लिहून राह्यला म्हणते. फोटो टाकणार असशीन तं टोपीवाला टाक, टक्कल नको दाखवू."

अन् मी मिशनमध्ये नोकरीले होतो म्हटल्यावर काही जणाइले वाटलं असन का हा आता धर्मांतराच्या भानगडी बाहेर काढणार. ते बी नाही. मी चार वर्षं तिथं होतो, मले कोणी एकदा बी विचारलं नाही का तू कोणत्या देवाचा. माह्यासमोर कोणाचा धर्म गेला नाही. जे गेलं ते सांगतो.

मी मेहकरचा. शाळेत मी दोनच गोष्टीत पुढं होतो, उशिरा येण्यात अन् नकला करण्यात. हेडमास्तरचा खोकला, एसटीच्या कंडक्टरचं "पुढं सरका, पुढं जागा आहे", तहसीलमधल्या बाबूचं "उद्या या" हे सगळं मले तोंडपाठ. रेडिओवरची क्रिकेटची इंग्रजी कॉमेंट्री मी गल्लीत अशी करायचो का खालच्या आळीतले म्हातारे स्कोअर विचारायले यायचे. खरं सांगतो, मले इंग्रजी येत नव्हतं. इंग्रजीचा आवाज येत होता. मिशनच्या ऑफिसात दुभाष्याच्या जागेसाठी मुलाखत झाली तेव्हा एक गोरा पाहुणा बसला होता. त्यानं विचारलं त्यातलं मले अर्धं समजलं, पण मी जे बोललो ते त्याले इतकं घरच्यासारखं वाटलं का त्यानं टेबलावर थाप मारली. लागली नोकरी. इंग्रजी मंग हळूहळू आलं, पगार घेता घेता.

काम काय होतं ते सांगतो, कारण माह्या मायले अजून बी समजलं नाही. तिकडं परदेशात एखादा माणूस चर्चमध्ये जाते, तिथं भिंतीवर पोराइचे फोटो लावलेले असतात. तो एक फोटो निवडते. त्या दिवसापासून त्या पोराच्या शाळेचा, पुस्तकाचा, होस्टेलचा खर्च तो दर महिन्याले पाठवते. बदल्यात पोरानं वर्षातून तीनदा पत्र पाठवायचं. पोरगं मराठीत लिहिणार, मी इंग्रजीत करणार. तिकडचं पत्र आलं का मी मराठीत करणार. अन् वर्षातून एकदा त्या लोकाइची एक टोळी विमानानं येणार, गाड्याइनं आपापल्या पोराले भेटायले गावोगाव जाणार, तवा मी मधात उभा राहून दोन्हीकडचं बोलणार.

आता पोराइची पत्रं. "मी बरा आहे. तुम्ही कसे आहा. आमच्याकडं पाऊस पडला. माह्यासाठी प्रार्थना करा." शंभर पोरं, शंभर पत्रं, एकच पाऊस. वरच्या ऑफिसातून निरोप आला का पत्रं कोरडी आहेत, देणारे लोक कंटाळून राह्यले, जरा जिवंत करा. जिवंत करा म्हणल्यावर माह्यासारख्याले काय पाहिजे! मी पोराइच्या आवाजात लिहू लागलो. एकाले मी बकरी देल्ली, तिचं नाव राणी ठेवलं, अन् चार महिन्यानं मारून टाकली. तिकडून राणीच्या आत्म्याले शांती लाभो म्हणून फुलाचं कार्ड आलं. त्या पोराच्या घरी कोंबडी बी नव्हती. मी ऑफिसात ते कार्ड वाचून दाखवलं, सगळे पोट धरून हसले. मॅनेजर सर सर्वात जास्त हसले. तवा मले तो नोकरीतला मान वाटायचा.

माणसं आली का आणखी मजा. एका भल्या माणसानं सोनाळ्याच्या पोरासाठी एप्रिल महिन्यात लोकरीचे हातमोजे आणले होते. पोरगं ते घालून दिवसभर सायकल चालवत होतं, घामानं निथळत, काढायले तयार नाही. प्रत्येक पोराले विचारायचे का मोठं होऊन काय होशीन. आम्ही आधीच शिकवून ठेवायचो, डॉक्टर, टीचर, नर्स. एक पोट्टं म्हणलं, "जेसीबी चालवीन." मी सांगतलं, "ही वॉन्ट्स टू बी अॅन इंजिनिअर." टाळ्या.

पण एक गोष्ट मले तवाही खटकायची. पाहुणे यायच्या दोन दिवस आधी आमचा स्टाफ गावात जाऊन घर 'तयार' करायचा. डिशच्या छत्रीवर पोतं टाकायचं. नवी सायकल शेजारी ठेवायची. एका घरात पंखा होता तं तो काढून पलंगाखाली सारला, पाहुणी घामाघूम झाली तं पोराच्या बापानं पुठ्ठ्यानं वारा घातला. अरे, त्या लोकाइची गरिबी खरीच होती ना! खोलीत पाणी गळत होतं ते काय नाटक होतं? तिले आणखी मेकअप कायले? हे मी कोणाले विचारलं नाही. छत्रीवर पोतं टाकायले शिडी मीच धरायचो.

आता वैशालीची गोष्ट.

मेहकरपासून एसटीनं पाऊण तासावर एक गाव आहे, नाव नाही सांगत. मी नवा नवा लागलो तवा तिथल्या पोराइचे फॉर्म भरायले गेलो. वैशाली तवा सहावीत. तिची माय कमलमावशी, कामाले जाऊन आलेली, पायाले चिखल. बाप गजाननभाऊ गुजरातेत कापसाच्या जिनिंगवर कामाले गेला होता, वर्षावर झालं तरी आला नव्हता, चिठ्ठी नाही, फोन नाही. मावशी म्हणे, "कुठं आहे काय माहीत. आला तं आला." फॉर्मवर बापाच्या नावापुढं तीन चौकटी होत्या. बाप सोबत राहते. बाप सोबत राहत नाही. बाप नाही. मी बरोबर मधल्या चौकटीत खूण केली. बरोबर केली होती हो.

ऑफिसात सरनं फॉर्म पाह्यला. म्हणे, "हिला स्पॉन्सर मिळायले दोन वर्षं लागतीन. या 'बाप नाही'च्या गठ्ठ्यात घाल." त्या वर्षी पेपरात, टीव्हीवर, सगळीकडं विदर्भच चालू होता. कापसाचं बीटी बियाणं आलं होतं, कोणाचं पिकत होतं, कोणाचं जळत होतं, अन् कॅमेरेवाले गाड्या घेऊन फिरत होते. तिकडच्या लोकाइले बी ते दिसत होतं. ज्या पोराले बाप नाही त्याचा फोटो भिंतीवर आठ दिवस बी टिकत नव्हता. सर म्हणले, "पोरीचं भलं होते. बाप तसाही आहे कुठं?" मले ते पटलं. खोडरबर माह्याच ड्रावरमध्ये होतं. मी खूण एक चौकट खाली सरकवली.

वरच्या ऑफिसनं पुढं कारण टाइप करून टाकलं. एकच शब्द होता, कापूस.

वीस दिवसात वैशालीले स्पॉन्सर भेटली. कॅनडातली मार्गारेट नावाची बाई. मले वाटायचं असे लोक म्हणजे बंगलेवाले असतीन. ही शाळेची बस चालवायची. तीस वर्षं बर्फात पोरं नेली-आणली, रिटायर झाली, नवरा वारला. तिची पत्रं लांब असायची. एकदा तिनं विचारलं, तुला बाबांची आठवण येते का? हे पत्र आलं तवा वैशालीची परीक्षा होती. मी तिले विचारलंच नाही. मीच उत्तर लिहलं. लिहलं का दर रविवारी मी बाबांच्या कबरीवर झेंडूची फुलं वाहते अन् तुमच्यासाठी प्रार्थना करते.

कबर! गजाननभाऊच्या सात पिढ्यात कोणाची कबर नाही, सगळे नदीकाठी जळाले. पण मी लिहून राह्यलो होतो ख्रिश्चन बाईले, तिले समजन असं लिहावं म्हणून मी तिच्या देशातली कबर उचलून आमच्या गावात आणून ठेवली. मले तं ते वाक्य लय भारी वाटलं होतं.

मंग झालं काय, तं गजाननभाऊ परत आला. जिनिंगमध्ये हात सापडला होता, दोन बोटं गेली, पडून होता तिकडंच, लाजेनं कळवलं नाही. आला तवा गावाकडं बियाण्याचे प्लॉट सुरू झाले होते. बीटीचं बियाणं तुम्हाले दुकानात पाकिटात दिसते, पण आधी ते माणसाच्या बोटातून येते. संध्याकाळी, उद्या उमलणारी कळी नखानं सोलायची, आतला नराचा भाग काढून टाकायचा, वर रंगीत कागदाची खूण लावायची. सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून तिच्यावर अलगद घासायचं. एक एक कळी. याले क्रॉसिंग म्हणतात. गजाननभाऊ आठ बोटानं क्रॉसिंग करायचा, अन् दहा बोटवाल्याइच्या पुढं असायचा. बीटीनं कोणाचं काय केलं त्याच्यावर मोठे लोक लिहितात. या माणसाले त्या बीटीनं घरच्या घरी कामाले लावलं, एवढं मी पाह्यलं.

तो आला हे मले दोन महिन्यात समजलं. फॉर्म दुरुस्त करायचा असते, तसा कागद बी असते. मी सरले सांगतलं. सर म्हणले, "आता बदललं तं तिले वाटन आपण खोटं बोललो." मी म्हणलो, बोललोच आहे ना. सर म्हणले, "म्हणूनच तं." अन् आम्ही दोघं चहा प्यायलो. माह्या हातून झालेल्या सगळ्या कामात हा चहा सर्वात वाईट.

वैशाली दहावीत गेली. मेहकरले होस्टेलमध्ये राहायची. मार्गारेटबाईचं पत्र आलं, मी येऊन राह्यली.

पाहुणे यायच्या दोन दिवस आधी मी अन् सर गावात गेलो. गजाननभाऊ प्लॉटवर होता. सर खाटेवर बसले अन् हळू आवाजात म्हणले, "कमलबाई, एका तासाचा प्रश्न आहे. कागदावर आहे तेच दिसलं पाहिजे. नाही तं पोरीचं नाव कटते. होस्टेल जाते. दहावीचं वर्ष आहे."

"कागदावर काय आहे?" मावशीनं विचारलं.

सर माह्याकडं पाहू लागले. मी म्हणलो, "मावशी, त्यात भाऊ नाहीत असं आहे."

"नाहीत म्हणजे? गावाले गेले असं?"

"नाही. वारले असं."

मावशी तांदूळ निवडून राह्यली होती. हात थांबला नाही. "कधी?"

"चार वर्षं झाले."

"कायनं?"

माह्या तोंडून निघालं, "कापूस."

मावशीनं सूप खाली ठेवलं. सर लगेच म्हणले, "फक्त कुंकू अन् काळी पोत, बाई. एक तास. गाडी गेली का लगेच लावा. अन् भाऊले काका म्हणून बसू द्या, कोणाले काय समजते!" वैशालीले काही सांगायचं नाही असं ठरलं. ती पाहुण्याइच्या गाडीतच मेहकरहून येणार होती. तिले एवढंच सांगतलं होतं का जास्त बोलू नको, दुभाष्या आहे.

तुम्ही म्हणसान, मावशीनं थोबाडीत काऊन नाही मारली? मी बी हा विचार लय केला. तिले पोरगी शिकवायची होती, दुसरं काही नाही. क्रॉसिंगच्या मुकादमानं दोनदा विचारून ठेवलं होतं, पोरीचे बोटं बारीक आहेत, पाठवा म्हणून. होस्टेल गेलं असतं तं पोरगी सोमवारी प्लॉटवर असती.

तो दिवस आला. ऑक्टोबरचं ऊन, सकाळी दहालाच माती तापलेली. मी आधी येऊन बसलो होतो. सरचा फोन आला का गाडी फाट्यावरून वळली. मी म्हणलो, "मावशी, गाडी आली."

मावशी दाराच्या आतल्या बाजूले आरशासमोर उभी राह्यली. पोत काढून डब्यात ठेवली. पदरानं कपाळ पुसलं. कुंकू रोजचं, वर्षानुवर्षाचं, खाली डाग राहते. तो निघेना. मी माहा रुमाल बाटलीतल्या पाण्यानं ओला करून देल्ला. गजाननभाऊ उंबऱ्यावर उभा होता, पाहून राह्यला होता. घरात इतकी शांतता झाली का मले सहन होईना, अन् मले शांतता सहन झाली नाही का मी नक्कल करतो, ही माही जन्माची खोड. मी कंडक्टरच्या आवाजात म्हणलो, "चला चला, एका तासाचं तिकीट, सुटे द्या!"

कोणी हसलं नाही. मी एकटाच हसलो.

गाडी आली. मार्गारेटबाई उतरली. उंच, पांढरे केस, पायात कॅनव्हासचे बूट. मागून वैशाली. गावातल्या बायाइनं दार भरून गेलं. मार्गारेटबाईले इकडं आल्यापासून दोन दिवसात एक गोष्ट पक्की माहीत झाली होती, घरात गेलं का घरची बाई कपाळाले हळद-कुंकू लावते. तिले ते आवडलं होतं. ती मावशीसमोर आली अन् मान खाली घालून, डोळे मिटून उभी राह्यली.

मावशीचा हात उठेना. कसा उठन? ज्या बाईचा नवरा गेला ती कुंकू कसं लावणार, अन् ज्या बाईचा नवरा समोर उभा आहे ती पाहुणीले तशीच कशी परत करणार? दारातल्या बाया एकमेकीइकडं पाहू लागल्या. त्याइले सगळं माहीत. एक म्हातारी मोठ्यानं म्हणली, "काय लावलं आहे वं हे, कमल?" अन् वैशालीची नजर तवा मायच्या कपाळाकडं गेली.

सर माह्या कानात म्हणले, "सांग तिले, विधवा इथं लावत नाहीत."

मी सांगतलं. कॉमेंट्रीच्या आवाजात, एकदम साफ.

मार्गारेटबाईनं डोळे उघडले. तिचा चेहरा कसा झाला हे मले लिहिता येत नाही. ती म्हणली, "मी बी विधवाच आहे. तं मंग दोघी बिनाकुंकवाच्या बसू." अन् तिनं मावशीचा हात धरला, खाटेवर बसली, अन् पर्समधून एक कागदाची पिशवी काढली. पिशवीत लहान लहान कांदे. म्हणली, "हे माझ्या अंगणातल्या फुलाचे आहेत. वैशाली दर रविवारी वडिलांच्या कबरीवर फुलं वाहते ना. मला तिथं घेऊन चला. मी हे तिथं लावते."

गजाननभाऊ काका म्हणून कोपऱ्यात बसला होता. पिशवीकडं पाहून म्हणला, "लसूण आहे काय? काय म्हणते बाई?"

"फुलाचे कांदे आहेत, भाऊ. ती... कबरीवर जायचं म्हणते."

"कोणाच्या?"

"गजाननभाऊच्या."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, गुडघ्यावर ठेवली. "म्हणजे माह्याच," तो म्हणला. "चाल म्हणा मंग. पण आधी चहा पे म्हणा, थंडा होऊन राह्यला."

सरचा घाम हनुवटीवरून गळत होता. पुटपुटले, "गावात एखादी जुनी समाधी असन ना, ते दाखवून दे." अन् मी, तुम्हाले खोटं वाटन, मी डोक्यात खरंच शोधू लागलो का मारुतीच्या पारामागं कोणाची तरी एक आहे.

वैशाली आतल्या खोलीत गेली. बाहेर आली तवा तिच्या हातात कुंकवाचा करंडा होता. तिनं तो मायच्या मांडीवर ठेवला. मंग बापाजवळ जाऊन उभी राह्यली, त्याचा तो तीन बोटाचा तुटका हात धरला, अन् मार्गारेटबाईकडं पाहून, पाचवीच्या पुस्तकातलं वाक्य म्हणावं तशी म्हणली, "धिस इज माय फादर. हिज नेम इज गजानन."

मधात मी लागलोच नाही.

मार्गारेटबाई एकदा त्याच्याकडं पाहे, एकदा मावशीकडं. मावशीच्या कपाळावरचा तो ओला लाल डाग तिले तवा दिसला. ती मले म्हणली, एक एक शब्द सुटा करून, "हिला विचार, हे पुसायला कोणी सांगितलं."

सर मागून म्हणले, "पंकज, सांभाळून."

मी मावशीले म्हणलो, "बाई म्हणते, चहा लय चांगला झाला."

"तिनं ते नाही म्हटलं," वैशाली म्हणली.

मार्गारेटबाईले मराठीचा शब्द येत नव्हता, पण तिनं त्या पोरीचा आवाज ऐकला अन् माह्याकडं पाह्यलं. "ती पत्रं कोण लिहीत होतं?" मी म्हणलो, "मी." तिनं मान हलवली. पुढं एक अक्षर ती माह्याशी बोलली नाही. करंड्यातलं कुंकू मावशीनं आधी स्वतःले लावलं, मंग मार्गारेटबाईनं तिच्यासमोर कपाळ केलं तं तिले बी लावलं. गजाननभाऊ तिले प्लॉटवर घेऊन गेला. आम्ही बांधावर उभे राहून पाहत होतो. तो हातवारे करून तिले क्रॉसिंग शिकवत होता, ती कळ्या खराब करत होती, अन् तो "नोको नोको, हळू" म्हणत होता. दुभाष्याची कोणाले गरज नव्हती.

आता पुढचं ऐका, मले अजून बी राग येते तो याच्यावर. बाईनं परत जाऊन तिकडच्या ऑफिसले सगळं लिहलं. चौकशी बसली. निकाल काय लागला? मले काढलं, ते बरोबरच होतं. सरची बदली झाली, दुसऱ्या जिल्ह्यात, मोठ्या ऑफिसात. अन् वैशालीचं नाव कापलं! कारण काय, तं कुटुंबानं चुकीची माहिती देल्ली. कुटुंबानं! ज्या मावशीले कागदावर काय लिहलं हे चार वर्षं माहीत नव्हतं, तिनं म्हणे माहिती देल्ली. मार्गारेटबाईनं म्हणलं मी स्वतः पैसे पाठवतो, तं सांगतलं का परस्पर संबंध ठेवायची परवानगी नाही, तुम्हाले दुसरा फोटो देतो. दुसरा फोटो! चपलेचा जोड बदलून देतात ना दुकानात, तसा. बाईनं दुसरा फोटो घेतला नाही, असं मले मांगून समजलं.

होस्टेल गेलं. वैशालीनं दहावीचे उरलेले महिने एसटीनं ये-जा करून काढले, सकाळी क्रॉसिंग करून, नखं हिरवी घेऊन शाळेत. पास झाली. किती टक्के ते नाही सांगत, कारण ते तुम्ही घरी आलेल्या सोयऱ्याइच्या पोराइले विचारता तसे विचारसान.

मी आता लग्नात माइक धरतो, नकला करतो, लोक हसतात. पण नोकरी गेल्यावर आठ-दहा दिवसानं मी त्या गावात गेलो होतो. माफी मांगायले. रस्त्यानं वाक्यं जुळवत गेलो.

गजाननभाऊ ओट्यावर बसला होता. मले पाहून म्हणला, "ये बे. चार वर्षं मेलो होतो मी, अन् तू तेरवीले जेवायले बी नाही आला."

मले हसू आलं. एकदम मोकळं झाल्यासारखं हसलो. तोही हसला. वाटलं, मिटलं.

आतून मावशी आली. हातात लाटणं होतं, पिठाचं. मले वाटलं मारते. मारलं असतं तं बरं झालं असतं.

"हासू नको," ती म्हणली. "हा हासते म्हून तुले वाटते झालं? त्या दिवशी बी तूच हासत होता. मी पुसत होतो अन् तू तिकीट फाडत होता. माह्या पोरीसाठी मी पुसलं, तुह्यासाठी नाही, तुह्या सायबासाठी नाही. मले कोणी म्हणलं असतं विहिरीत उडी मार तं तिच्यासाठी तेही केलं असतं. ते माहं मी पाहीन. पण यानं ते दारातून पाह्यलं. तुले माहीत आहे काय, तवापासून रोज सकाळी मी आरशासमोर उभी राहतो कुंकू लावायले, अन् हा माणूस उठून बाहेर जाते? एक शब्द बोलत नाही. लावून झालं का आत येते. रोज."

गजाननभाऊ खाली पाहू लागला. मी जुळवलेली वाक्यं कुठं गेली काय माहीत.

"काऊन, बोल ना," मावशी म्हणली. "त्या बाईले सगळं सांगत होता ना तू, फाडफाड? आता हे सांग. सांग इंग्रजीत."